वाचकांचे प्रश्न : सरकारी खर्चाचा जाब सभागृहात कसा विचारला जातो?

अधिवेशनाच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख साहजिकच सरकारी तिजोरीकडे वळतो. या खेपेच्या पत्रांमागे एकच उत्सुकता दिसते : निवडून गेलेले प्रतिनिधी अर्थखात्याला नेमके काय विचारू शकतात आणि विचारल्यावर हाती काय लागते. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत 'हे खरे नाही' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' अशी दोन ओळींची उत्तरे वाचून निराशा होते. मग आमदारांनी प्रश्न विचारायचा तरी कशासाठी?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपली निराशा रास्त आहे, पण दोष दर वेळी उत्तर देणाऱ्याचाच असतो असे नाही. आपल्या विधिमंडळातील प्रश्नाचा साचा ठरून गेलेला आहे. पहिल्या भागात 'अमुक घडले, हे खरे आहे काय' असे विचारले जाते, दुसऱ्यात 'असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय', तिसऱ्यात 'चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे' आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. हा प्रश्न मंत्रालयातील संबंधित कार्यासनाकडे जातो, तेथे उत्तराचा मसुदा तयार होतो आणि उपसचिव, सचिव यांच्या हातून तो मंत्र्यांपर्यंत पोहोचतो. पहिल्या भागातील एखादी तारीख, रक्कम किंवा योजनेचे नाव चुकले असेल, तर मसुदा करणाऱ्याला 'हे खरे नाही' असे लिहिता येते आणि एकदा ते लिहिले की पुढचे सगळे भाग 'प्रश्न उद्भवत नाही' या शब्दांत गळून पडतात.

म्हणून प्रश्नाची मांडणी महत्त्वाची ठरते. समजा, शिष्यवृत्तीचा विषय आहे. 'शिष्यवृत्तीचे कोट्यवधी रुपये विद्यार्थ्यांना मिळाले नाहीत, हे खरे आहे काय' असे विचारले, तर 'अंशतः खरे आहे' एवढ्यावर बोळवण होण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी आमदाराने योजनेचे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील त्या खर्चाचा सांकेतिक क्रमांक, देऊन असे विचारावे की, त्या आर्थिक वर्षात अर्थसंकल्पित तरतूद किती होती, त्यापैकी बीम्स या सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर किती निधी वितरित झाला, ३१ मार्चपर्यंत कोषागारातून प्रत्यक्ष किती रक्कम काढली गेली आणि किती निधी समर्पित झाला, म्हणजे न वापरता परत केला गेला. या चार आकड्यांपुढे 'हे खरे नाही' असे लिहिता येत नाही, कारण तेथे काही खरे-खोटे ठरवायला सांगितलेलेच नाही. चारही आकडे सरकारच्याच नोंदींत असतात, आणि ते शेजारी शेजारी ठेवले की पैसा अर्थखात्याने अडवला, की विभागाने मागितलाच नाही, की जिल्ह्यापर्यंत जाऊन परत आला, हे शाळकरी मुलालाही समजेल.

तारांकित प्रश्नाचे खरे बळ त्यापुढच्या उपप्रश्नांत असते. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर सदस्य उपप्रश्न विचारू शकतात. छापील उत्तर खात्याने दहा वेळा पारखून घेतलेले असते, उपप्रश्न मात्र आधी कोणालाच ठाऊक नसतो. म्हणूनच त्या वेळी खात्याचे अधिकारी सभागृहातील आपल्या राखीव जागेत फायली घेऊन बसलेले असतात आणि तेथून मंत्र्यांकडे चिठ्ठ्या जात असतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, पण तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत त्यातले मोजकेच पोहोचतात. यादीतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. जे तारांकित प्रश्न मागे राहतात त्यांची उत्तरे लेखी धरली जातात आणि तेथे उपप्रश्नाची संधी हुकते. त्यामुळे गोंधळात वाया गेलेला प्रश्नोत्तराचा तास हे माझ्या मते विरोधी पक्षांचे सर्वांत मोठे नुकसान आहे, मग तो गोंधळ कोणी का घातलेला असेना.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपप्रश्नाच्या ओघात मंत्री 'माहिती घेऊन पटलावर ठेवतो' किंवा 'तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करतो' असे बोलून गेले, की त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. चुकीची माहिती जाणूनबुजून दिली गेल्यास हक्कभंगाचा मार्गही मोकळा असतो. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी, आणीबाणीत आणि सप्टेंबर २०२०च्या करोनाकाळातील अधिवेशनात संसदेने प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता. २०२०मध्ये लेखी उत्तरे मिळत राहिली, पण उपप्रश्न बंद झाले, आणि त्याबद्दल सदस्यांनी जी तक्रार केली ती अगदी रास्त होती.

प्रश्न : सभागृहातील प्रश्नांमुळे देशाच्या अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले, असे खरोखर घडले आहे का?
– एक निवृत्त विमा कर्मचारी, पुणे

उत्तर : घडले आहे, आणि त्याचा बराचसा भाग मुंबईत घडला.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला आणि अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेले. पुढच्या वर्षी, जून १९५७मध्ये, महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. या कंपन्या अडचणीत होत्या आणि खरेदीपूर्वी महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्ला घेतला गेला नव्हता. विम्याचा हप्ता भरणाऱ्या सामान्य माणसाचा तो पैसा होता.

लोकसभेत यावर विचारलेल्या सुरुवातीच्या प्रश्नांना मोघम उत्तरे मिळाली. राम सुभग सिंग आणि फिरोज गांधी यांनी मात्र विषय सोडला नाही. दोघेही सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते आणि फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी केलेल्या भाषणात आवेशापेक्षा आकडे अधिक होते : शेअर कोणत्या दिवशी घेतले, त्या दिवशी बाजारात भाव काय होता, महामंडळाने काय भाव दिला. खरेदीचा हेतू बाजाराला आधार देणे हा होता, या बचावाचे काय व्हायचे ते या तारखा आणि भाव समोर आल्यावर झाले.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोगाची सुनावणी मुंबईत खुली झाली, ती ऐकायला लोकांनी गर्दी केली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अहवालही आला. आपल्या सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, हा त्यातला निष्कर्ष आजही प्रशासनाच्या अभ्यासात शिकवला जातो. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प पंडित नेहरूंना स्वतः मांडावा लागला. पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत. आज एखाद्या चौकशी समितीची मुदतवाढ याहून लांबते, हे पाहून मन खट्टू होते.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५१मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईतील सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत प्रश्न विचारल्याचा आरोप झाला होता. त्याची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष हेच टी. टी. कृष्णम्माचारी होते. समितीने दोषी ठरवल्यावर मुदगलांचे सदस्यत्व गेले. डिसेंबर २००५मध्ये याच स्वरूपाच्या प्रकरणात संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून ११ सदस्यांना काढण्यात आले. प्रश्न विचारण्याचा अधिकार मौल्यवान आहे, म्हणूनच त्याचा बाजार मांडणाऱ्याला सभागृहाने दयामाया दाखवू नये, असे मला वाटते.

प्रश्न : मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, तरी जुलैत पुरवणी मागण्या, डिसेंबरात नागपूरला पुन्हा पुरवणी मागण्या. वर्षाचा हिशेब एकदाच नीट का मांडता येत नाही? आमदार यावर काही विचारतात की नाही?
– एक शिक्षक, बुलढाणा

उत्तर : आपण दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. राज्याच्या संचित निधीतून विधिमंडळाच्या मंजुरीवाचून एक रुपयाही काढता येत नाही. वर्षभरात मूळ तरतूद अपुरी पडली किंवा नवी बाब उद्भवली तर संविधानाच्या अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागणी मांडावी लागते. अतिवृष्टीची मदत, न्यायालयाच्या आदेशाने द्यावी लागणारी रक्कम, केंद्राचा हिस्सा आल्यावर घालावा लागणारा राज्याचा हिस्सा, या गोष्टी मार्चमध्ये कोणालाच अचूक सांगता येत नाहीत. एवढ्यापुरत्या पुरवणी मागण्या हव्यातच, त्यांवर टीका करणे अन्यायाचे होईल.

अडचण त्यांच्या आकारमानाची आणि वेळेची आहे. लोकसभा निवडणुकीमुळे २०२४मध्ये महाराष्ट्राने आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती तात्पुरती मंजुरी, घेतले आणि २८ जून २०२४ रोजी पूर्ण अर्थसंकल्प मांडला. त्याचा एकूण खर्च ६,१२,२९३ कोटी रुपये होता. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ९ जुलै रोजी, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सादर झाल्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या साधारण १५ टक्के. त्यातला सर्वांत मोठा वाटा महिला व बालविकास विभागाचा होता, कारण 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा भार त्यात होता. या योजनेची घोषणा २८ जूनच्या भाषणातच झाली होती. योजना चांगली की वाईट, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. ज्या खर्चाची घोषणा अर्थसंकल्पाच्या भाषणात होते, त्याची तरतूद त्याच अर्थसंकल्पात का दिसू नये, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या सरकारला विचारावाच लागेल. कारण महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांचे जे आकडे भाषणात वाचले जातात, त्यांत हा भार धरलेला नसतो, आणि वृत्तपत्रांत मथळे येतात ते भाषणातल्या आकड्यांचे.

पुरवणी मागण्यांची बातमी वाचताना स्थूल रक्कम आणि निव्वळ भार यांतला फरक पाहावा. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी रुपयांच्या मागण्या आल्या, पण तिजोरीवरचा निव्वळ भार सुमारे ४०,६४४ कोटी रुपये सांगण्यात आला. उरलेली रक्कम केंद्राकडून येणारा निधी, एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षाकडे वळवलेला पैसा किंवा नुसते लेखासमायोजन, म्हणजे हिशेबातल्या कागदोपत्री नोंदी, यांपैकी काही असते. विरोधक स्थूल आकडा सांगतात, सत्ताधारी निव्वळ आकडा सांगतात, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

आता आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग. आमदार बोलतात, पण पुरवणी मागण्यांवरील चर्चा बहुधा मतदारसंघातील रस्ता, पूल, बंधारा, उपजिल्हा रुग्णालय यांच्या यादीकडे वळते. ते स्वाभाविक आहे, कारण गावकऱ्यांनी आमदाराला त्यासाठीच गाठलेले असते. तरीही प्रत्येक मागणीवर तीन गोष्टी विचारल्या गेल्याच पाहिजेत. मूळ तरतुदीपैकी आजवर किती खर्च झाली? जादा रक्कम वाढीव महसुलातून येणार, दुसऱ्या शीर्षाखालची बचत वळवून येणार, की कर्जातून? आणि या मंजुरीमुळे पुढच्या वर्षांवर किती दायित्व येणार? यातला पहिला प्रश्न सर्वांत बोचरा आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तविषयक अहवालांत वर्षानुवर्षे हेच निरीक्षण येते की, काही विभागांनी पुरवणी मागणी मंजूर करून घेतली, पण वर्षअखेर त्यांची मूळ तरतूदसुद्धा पुरती खर्च झालेली नव्हती. उरलेला निधी समर्पित तरी होतो किंवा मार्च अखेरीस घाईघाईने काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामाने उघडलेल्या ठेव खात्यात, नेऊन ठेवला जातो. कागदावर खर्च दिसतो आणि शाळेच्या गळक्या छपराखाली मुले बसलेलीच असतात. आपण स्वतः शिक्षक आहात, त्यामुळे याचा अर्थ आपल्याला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : लोकसभेत गोंधळ चालू असताना काही मिनिटांत लाखो कोटी रुपये मंजूर झाल्याचे वाचले. हे कायदेशीर आहे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : कायदेशीर आहे. चर्चेसाठी ठरवलेली मुदत संपली की खात्यांच्या खर्चाच्या उरलेल्या सर्व मागण्या एकत्र मताला टाकल्या जातात. याला गिलोटिन म्हणतात. २०२३च्या मार्चमध्ये लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या अशाच विनाचर्चा मंजूर केल्या, आणि २०१८मध्येही असेच झाले होते. सदस्यांना कपात सूचना देता येतात. धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणावी, काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कमी करावी, विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कमी करावेत. अशी सूचना मंजूर झाली तर सरकारवरचा विश्वास उडाल्यासारखे होते, म्हणून पक्षादेश निघतो आणि ती फेटाळली जाते.

संसदेत निदान खात्यांशी निगडित स्थायी समित्या १९९३पासून आहेत. अधिवेशनाच्या मधल्या सुटीत त्या प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासतात, सचिवांना बोलावून विचारतात आणि अहवाल देतात. प्रत्येक समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. तेथे कॅमेरे नसल्याने पक्षाची भूमिका मिरवण्याचा मोह कमी होतो आणि सत्ताधारी खासदारही अर्थखात्याच्या सचिवांना परखड विचारतात. मागणी मताला येण्याआधी असे कसून वाचन होण्याची व्यवस्था प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात असावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : लोकलेखा समितीचे अहवाल इतक्या उशिरा येतात की तोवर अधिकारी निवृत्त झालेले असतात. मग या समितीचा उपयोग काय?
– एक निवृत्त लेखाधिकारी, नागपूर

उत्तर : महालेखापरीक्षकांच्या अहवालांची छाननी करणाऱ्या या समितीला उशीर होतो हे खरे, आणि त्याची साखळी आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल. वर्ष संपल्यावर लेखे बंद होतात, महालेखापाल कार्यालय तपासणी करते, विभागांकडून खुलासे मागवले जातात, अहवाल राज्यपालांकडे जातो, त्यांच्यामार्फत विधिमंडळात मांडला जातो आणि त्यानंतर समितीचे काम सुरू होते. अहवाल अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी मांडण्याची प्रथा रूढ झाल्याने सदस्यांना त्यावर त्या अधिवेशनात काहीच विचारता येत नाही. ही प्रथा मोडायला कोणताही कायदा बदलावा लागणार नाही, फक्त इच्छा लागेल.

तरीही मी समितीला निरुपयोगी म्हणणार नाही. तेथे मंत्र्यांना बोलावत नाहीत, विभागाच्या सचिवांची साक्ष होते, आणि सचिव बदलले असले तरी खुर्चीला उत्तर द्यावे लागते. महालेखापाल कार्यालयाचे अधिकारी सदस्यांच्या मदतीला असतात, त्यामुळे आकड्यांची पळवाट फार काळ चालत नाही. संसदेच्या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत १९६७पासून पाळला जातो. त्या वर्षी मिनू मसानी अध्यक्ष झाले, जे पूर्वी मुंबईचे महापौर होते. समितीने शिफारशी केल्यावर विभागाला त्यावर काय कार्यवाही केली हे लेखी कळवावे लागते. माझी सूचना एवढीच की, आमदारांनी या जुन्या अहवालांतली शिफारस उचलून तिच्यावरच तारांकित प्रश्न टाकावा. शासनाच्या दप्तरात आधीच नोंदलेली बाब 'हे खरे नाही' म्हणून नाकारणे फार अवघड असते.

प्रश्न : आमच्याकडे गोव्यात बहुधा मुख्यमंत्र्यांकडेच अर्थखाते असते. मग खर्चाचा प्रश्न विचारायचा कोणाला?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : मनोहर पर्रीकर आणि प्रमोद सावंत या दोघांनीही मुख्यमंत्रिपदासोबत अर्थखाते सांभाळले, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. प्रश्न मात्र व्यक्तीला नसून खात्याला असतो. तरतूद, कर्ज, तूट, मंजुरी हे विषय अर्थखात्याला विचारावेत आणि प्रत्यक्ष खर्च ज्या खात्याने केला त्याला खर्चाबद्दल विचारावे. दोन्ही प्रश्न एकाच अधिवेशनात टाकले आणि उत्तरांत तफावत निघाली, तर उपप्रश्नाला आयतेच निमित्त मिळते. ४० सदस्यांच्या लहान सभागृहात आमदाराच्या वाट्याला प्रश्नांची संधी तुलनेने अधिक येते, तिचा उपयोग गोव्यातील काही आमदार चांगला करतातही.

प्रश्न : सामान्य नागरिकाला आपल्या आमदारामार्फत असा प्रश्न विचारता येतो का?
– एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : येतो. आमदार स्वतःच्या नावाने प्रश्न देतात, पण विषय आणि कागद कोणीही पुरवू शकतो. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नये, कारण प्रश्न बऱ्याच आधी द्यावे लागतात; लोकसभेतसुद्धा किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. निवेदनावर शंभर सह्या गोळा करण्यापेक्षा कामाचा प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय, त्यावरचा दिनांक, लेखाशीर्ष आणि जागेवरची आजची स्थिती दाखवणारे छायाचित्र एवढे सोबत न्यावे. कागद नसतील तर माहितीच्या अधिकारात आधी अर्ज करून ते मिळवावेत. आणि आमदारांनी प्रश्न दिल्यावर त्याचा क्रमांक मागून घ्यावा, म्हणजे छापील यादीत तो कोणत्या दिवशी आला आणि त्यावर काय उत्तर मिळाले हे आपल्याला घरबसल्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येईल.